गांडीव परत घ्यायला अग्नी येईल ना? महाभारतावर गेम बनवणाऱ्यांना खुलं पत्र

महाभारतावर गेम बनवणाऱ्या मित्रमैत्रिणींनो,

सप्रेम नमस्कार.

पुण्यात, मुंबईत, बंगळुरूत, हैदराबादेत तुमच्यापैकी बरेच जण पुराणकथांवरचे गेम बनवण्यात गुंतलेले आहात. नवा ट्रेलर आला की मी बघते आणि जमेल तो गेम खेळतेही. अर्जुन पडद्यावर आला की माझी नजर आधी त्याच्या हातातल्या धनुष्यावर जाते. बहुतेक वेळा तिथे सोनेरी नक्षी असते, निळसर तेज असतं आणि टूलटिपमध्ये, म्हणजे वस्तूची माहिती देणाऱ्या छोट्या चौकटीत, एक ओळ असते: अर्जुनाचं दिव्य धनुष्य, डॅमेज अमुक इतकं. एका मोबाइल गेममध्ये तर गांडीव दुकानात ठेवलेलं होतं. हिरे मोजा आणि घेऊन जा. हे पत्र मी त्या एका ओळीमुळे आणि त्या दुकानामुळे लिहिते आहे.

गांडीवाला आकडा देऊ नका, असं मी म्हणत नाही. आकडा खुद्द महाभारतातच आहे. विराटपर्वात बृहन्नडेच्या वेषातला अर्जुन राजपुत्र उत्तराला सांगतो की हे एक धनुष्य लाख धनुष्यांच्या तोडीचं आहे. तुमच्या भाषेत बोलायचं तर स्टॅट म्हणजे हाच. पण अर्जुन तिथे थांबत नाही. लगेच तो ते कुणाकुणाकडे किती काळ होतं याची यादी सांगतो. ब्रह्मदेवाकडे १००० वर्षं, प्रजापतीकडे ५०३, इंद्राकडे ८५, सोमाकडे ५००, वरुणाकडे १०० आणि पार्थाकडे ६५. सगळ्यात कमी काळ अर्जुनाकडे! ज्याच्या नावाने ते साऱ्या जगाला ठाऊक आहे, तो त्या यादीत तळाला आहे, आणि हे तो स्वतःच्या तोंडाने सांगतो आहे.

माझं सगळं म्हणणं या यादीतून निघतं. गांडीव हे उसनं आणलेलं शस्त्र आहे. ते कुणीतरी दिलं, एका कामासाठी दिलं, त्या कामाची किंमत पुढे चुकवावी लागली आणि शेवटी देणाऱ्याने ते परत मागून घेतलं. एवढी गोष्ट एका धनुष्याला चिकटलेली असताना तुम्ही त्यातलं फक्त ‘दिव्य’ तेवढं उचलता. त्याने मला वाईट वाटतं, कारण जे टाकून देता त्यातच उत्तम गेम दडलेला आहे.

ते अर्जुनाच्या हाती आलं कसं, ते आधी पाहा. आदिपर्वाचा शेवट. उन्हाळा कडक आहे. उकाडा वाढला, यमुनेवर जाऊ या, असं अर्जुन कृष्णाला म्हणतो. परिवार घेऊन दोघं नदीकाठी जातात. खाणंपिणं, गाणंबजावणं चाललेलं असतं. दोघं जरा बाजूला जाऊन बसतात, तेवढ्यात एक ब्राह्मण समोर येतो. शालवृक्षासारखा उंच, तापलेल्या सोन्यासारखी कांती, पिंगट दाढी. मला भूक लागली आहे, पोटभर खाऊ घाला, म्हणतो. कोणतं अन्न हवं, असं विचारल्यावर कळतं की हा अग्नी आहे आणि त्याला अख्खं खांडववन खायचं आहे. त्या वनात तक्षक नाग राहतो, तक्षक इंद्राचा मित्र, म्हणून अग्नी पेटला की इंद्र पाऊस पाडून त्याला विझवतो. प्रचलित पाठात याच्या आधी श्वेतकी राजाच्या यज्ञांची कथाही येते: बारा वर्षं अखंड तूप पिऊन अग्नीचं पोट बिघडलं आणि त्यावर उतारा म्हणून ब्रह्मदेवाने त्याला हे वन सुचवलं.

आता अर्जुन काय म्हणतो ते ऐका. अस्त्रं माझ्याकडे पुष्कळ आहेत, पण माझ्या बाहूंचा जोर सोसेल असं धनुष्य नाही, पुरतील इतके बाण नाहीत, ते वाहून नेईल असा रथ नाही. म्हणजे शस्त्र अर्जुनाने मागितलं आहे, आणि तेही जंगल जाळायच्या कामासाठी. अग्नी वरुणाला बोलावतो आणि सांगतो, सोमराजाने तुला दिलेलं धनुष्य आणि भाते आण, कपिध्वज रथ आण. वरुण आणतो. कृष्णाला चक्र आणि कौमोदकी गदा मिळते. अर्जुन गांडीवाला दोरी चढवतो, तेव्हा जो आवाज होतो त्याने ऐकणाऱ्यांची मनं हादरतात. तुमच्या साउंड डिझायनरला हा प्रसंग वाचायला द्या.

आणि मग दहन. महाभारताने ते जराही लपवलेलं नाही. तळ्यातलं पाणी उकळतं, मासे आणि कासवं मरून पडतात. पक्षी जीव घेऊन उडतात, तर अर्जुन बाणांनी त्यांचे तुकडे करून त्यांना हसत पुन्हा आगीत पाडतो. वर इंद्राचा पाऊस आणि खाली अर्जुनाचं बाणांचं छत, म्हणजे बाप आणि लेक समोरासमोर. इरावती कर्व्यांनी या दहनातल्या क्रौर्यावर बोट ठेवलं, त्याला आता अर्धशतक उलटून गेलं. मराठी वाचकाला हा प्रश्न नवा नाही. गांडीवाचा पहिला वापर कुठल्याही असुरावर झालेला नाही. तो पळणाऱ्या जिवांवर झाला.

हे गेममध्ये कसं दाखवायचं, असं तुम्ही विचाराल. मला वाटतं, खेळणाऱ्याच्या हातून ते घडू द्या. सगळ्यात ताकदीचं शस्त्र हातात पडल्याचा आनंद होऊ द्या आणि त्याच लेव्हलमध्ये बाण कुणाला लागताहेत तेही दिसू द्या. उपदेशाची गरज नाही. जे आदिपर्वात लिहिलंय ते दाखवा, पुरे.

त्या वनातून फक्त सहा जीव वाचतात. ग्रंथाने मोजून सांगितलंय: अश्वसेन, मय आणि शार्ङ्गक पक्ष्याची चार पिल्लं. यातल्या दोघांकडे गेम लिहिणाऱ्याने नीट बघावं.

अश्वसेन हा तक्षकाचा मुलगा. तक्षक त्या वेळी कुरुक्षेत्रात होता. आई पिल्लाला गिळून आकाशात निघाली, अर्जुनाने तिचं डोकं उडवलं, इंद्राने वावटळ उठवून अर्जुनाला क्षणभर भुलवलं आणि पोर निसटलं. ते पोर थेट कर्णपर्वात परत येतं. कर्णाच्या बाणात शिरून अर्जुनाच्या गळ्याच्या रोखाने सुटतं. कृष्ण रथ जमिनीत दाबतो, बाण वरून जातो आणि इंद्राने दिलेला किरीट घेऊन जातो. नाग पुन्हा कर्णाकडे येतो, मला परत सोड म्हणतो, आणि कर्ण नकार देतो: दुसऱ्याच्या बळावर मला जिंकायचं नाही. इतका बांधीव धागा तुम्हाला आयता मिळतो आहे. पहिल्या लेव्हलमध्ये निसटलेला एक साप, ज्याकडे खेळणाऱ्याने लक्षही दिलेलं नाही, तो शेवटच्या बॉस फाइटमध्ये समोर उभा राहतो. हे सुचायला लेखकांची मोठी टीम लागते. इथे व्यासांनी ते करून ठेवलंय.

दुसरा मय, असुरांचा शिल्पकार. जीव वाचवल्याची परतफेड म्हणून त्याने इंद्रप्रस्थात सभा बांधली. त्याच सभेत दुर्योधनाला पाणी कुठे आणि फरशी कुठे ते कळलं नाही, त्याची फजिती झाली, आणि तिथून पुढे द्यूत, वनवास, युद्ध. खांडवातून सुटलेल्या एकाने वैर जिवंत ठेवलं आणि दुसऱ्याने दिलेल्या देणगीतून नवं वैर उभं राहिलं. दोन्ही गोष्टींच्या मुळाशी गांडीव आहे.

मधली एक जागा तर माझी सगळ्यात आवडती. अज्ञातवास. विराटनगरात शिरण्याआधी पांडवांनी धनुष्यांच्या दोऱ्या उतरवल्या. स्मशानाजवळच्या टेकाडावर एक भली मोठी शमी होती, तिच्यावर नकुल चढला आणि पावसाचं पाणी लागणार नाही अशा बेचक्यांत त्याने शस्त्रं बांधली. सोबत एक प्रेतही टांगलं, म्हणजे दुर्गंधीने कुणी झाडाकडे फिरकायला नको. वाटेतल्या गुराख्यांना सांगितलं, ही आमची १८० वर्षांची आई, आमच्या कुळात अशीच रीत आहे. वर्षभराने बृहन्नडा उत्तराला त्या झाडावर चढायला सांगते. उत्तर बिचकतो. राजपुत्राने प्रेताला कसं शिवायचं? ते प्रेत नाही, धनुष्यं आहेत, असं समजावल्यावर तो चढतो आणि गाठोडं सोडतो. आत एकेक धनुष्य लखलखत असतं. भीत भीत तो एकेकाचं वर्णन करत विचारतो, सोन्याचे शंभर ठिपके जडवलेलं हे कुणाचं? उत्तर येतं, गांडीव.

दसऱ्याला आपल्याकडे शमीची पूजा होते आणि खंडेनवमीला शस्त्रांची, त्यामागे घराघरांत हीच कथा सांगितली जाते. कोयता, शिवणयंत्र, गाडी, आता लॅपटॉपही पूजेत येतो. तुमच्यापैकी कित्येकांनी आपल्या कीबोर्डला हळदकुंकू वाहिलं असेल. मग तुमच्याच गेममध्ये ही शमी का नसावी? खेळणाऱ्याला स्वतःच्या हाताने गांडीवाची दोरी उतरवू द्या, ते झाडावर बांधू द्या आणि पुढचे काही तास नर्तनशाळेतल्या बृहन्नडेच्या रूपात, धनुष्याशिवाय काढू द्या. मग उत्तर ते खाली आणतो तेव्हा हाताला जे वाटेल, ते कुठल्याही अपग्रेडने येणार नाही.

कर्णपर्वातला आणखी एक प्रसंग ओझरता सांगते, कारण तो लोकांना फारसा माहीत नसतो. जखमी युधिष्ठिर शिबिरात पडलेला आहे. अर्जुन भेटायला येतो. कर्णाला मारूनच आला, असं समजून राजा आनंदतो. तसं नाही हे कळल्यावर संतापून म्हणतो, तुझ्याच्याने होत नसेल तर गांडीव दुसऱ्याला देऊन टाक. अर्जुनाची गुप्त प्रतिज्ञा असते, असं म्हणेल त्याचं डोकं उडवीन. तो भावावर तलवार उपसतो. कृष्ण वाट काढतो: वडीलधाऱ्याला ‘तू’ म्हणून बोलणं हाच त्याचा वध समज. अर्जुन धर्मराजाला अरेतुरे करून अपमान करतो आणि मग त्याच शरमेने स्वतःचाच जीव घ्यायला निघतो. कृष्ण पुन्हा थांबवतो: स्वतःच्या तोंडाने स्वतःची स्तुती कर, तीच आत्महत्या. युद्धाच्या ऐन भरात, एका धनुष्यापायी, हे सगळं! कटसीन, म्हणजे गेममधले सिनेमासारखे प्रसंग, लिहिणाऱ्याला याहून काय हवं?

शेवट मात्र कुणीच दाखवत नाही, आणि माझी मुख्य विनवणी त्याबद्दलच आहे.

कृष्ण गेला, द्वारका बुडाली. यादवांच्या स्त्रिया, मुलं, म्हातारे यांना घेऊन अर्जुन निघाला. पंचनद प्रदेशात लाठ्या घेतलेल्या आभीरांनी गाठलं. अर्जुन गांडीवाला दोरी चढवायला गेला आणि ती चढेना. मोठ्या कष्टाने चढली. अस्त्रं आठवायला गेला, आठवेनात. अक्षय म्हणून मिळालेले बाण संपले. शेवटी तो गांडीवाच्या टोकाने लुटारूंना मारत राहिला. स्त्रिया डोळ्यांदेखत पळवल्या गेल्या. व्यासांकडे जाऊन त्याने हे सांगितलं, तेव्हा व्यास म्हणाले, ती अस्त्रं आपलं काम करून आली तशी परत गेली.

तरीही गांडीव त्याने सोडलं नव्हतं. पांडव महाप्रस्थानाला निघाले, राज्य सोडलं, अंगावर वल्कलं घेतली, पण अर्जुनाच्या हातात धनुष्य होतंच. त्या मौल्यवान वस्तूचा लोभ सुटला नाही, असं महाभारत स्पष्ट म्हणतं. पूर्वेला तांबड्या पाण्याच्या समुद्रापाशी अग्नी डोंगरासारखा वाट अडवून उभा राहिला. म्हणाला, खांडवाच्या वेळी मी हे वरुणाकडून आणलं होतं, ते त्याचं त्याला परत दे. भावांनीही सांगितलं. अर्जुनाने धनुष्य आणि दोन्ही भाते पाण्यात टाकले.

आर्थर राजाची तलवार तळ्यात परत जाते, हे जगभरच्या खेळाडूंना माहीत आहे. गांडीवही पाण्यातून आलं आणि पाण्यातच गेलं, हे आपल्याच मुलांना माहीत नाही. आणि ते दाखवायची संधी तुमच्याइतकी कुणाकडेच नाही. वाचक गांडीव परत जाताना वाचतो, प्रेक्षक बघतो. खेळणाऱ्याला मात्र ते स्वतः टाकावं लागेल. चाळीस तास जे हातात होतं, ज्याच्या जोरावर प्रत्येक लढाई जिंकली, ते टाकायचं बटण त्याच्याच बोटाखाली असेल. ‘लोभ सुटला नाही’ म्हणजे काय, ते त्याला त्या क्षणी कळेल.

शस्त्र काढून घेतलं की खेळणारे चिडतात, हे मला ठाऊक आहे. मीही चिडते. पण विनाकारण काढून घेतलं तर चिडते. ‘गॉड ऑफ वॉर’ (२०१८) मधली लेव्हायथन कुऱ्हाड आठवा. ती आधी गेमच्या नायकाच्या, क्रेटोसच्या, बायकोची, फेची. ती बनवणारे ब्रॉक आणि सिंड्री, म्हणजे नॉर्स (उत्तर युरोपातल्या जुन्या) कथेत थोर देवाचा हातोडा घडवणारे तेच दोघे भाऊ. त्या मूळ कथेत लोकीने माशी होऊन लोहाराला चावे घेतले, म्हणून हातोड्याचा दांडा आखूड राहिला. थोरचं सगळ्यात मोठं शस्त्र जरा व्यंग असलेलंच आहे, आणि ती कथा सांगणाऱ्यांनी ते व्यंग जपून ठेवलं. कुऱ्हाडीला मेलेल्या माणसाची आठवण चिकटलेली असते, म्हणून ती हातात धरताना वजन जाणवतं. गांडीवाजवळ याच्या दसपट सामान आहे.

जपान्यांनी आपलं धनुष्य केव्हाच उचललंय. ‘फायनल फँटसी’ मालिकेच्या ११ व्या भागात गांडीव नावाचं धनुष्य आहे. २०१५ साली आलेल्या ‘फेट/ग्रँड ऑर्डर’ मध्ये अर्जुन आहे आणि त्याच्या गांडीवाला अग्नीचं नाव जोडलेलं आहे, म्हणजे देणारा कोण हे तिकडच्या लेखकांनी शोधलं. आपल्या पुण्यात नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० साली ‘राजी’ काढला. त्यात विष्णूचं शार्ङ्ग धनुष्य एका साध्या मुलीच्या हाती येतं आणि दुर्गा आणि विष्णू तिची कथा सांगत राहतात. लहान टीमने केलेलं ते काम पाहून मला फार आनंद झाला होता. म्हणजे हे इथे होऊ शकतं.

साधनांची अडचण तर बिलकूल नाही. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताच्या संशोधित आवृत्तीचं काम १९१९ मध्ये हाती घेतलं आणि १९६६ मध्ये पूर्ण केलं. देशभरातल्या शेकडो हस्तलिखितांचे पाठ ताडून पाहिले गेले. वि. स. सुखठणकर, श्री. कृ. बेलवलकर, प. ल. वैद्य यांनी त्यासाठी आयुष्य घातलं. त्याच्या कितीतरी आधी, सतराव्या शतकात, मूळ कोपरगावकडच्या नीलकंठ चतुर्धरांनी काशीत बसून अख्ख्या महाभारतावर टीका लिहिली, ती आजही वाचली जाते. संशोधित आवृत्तीचा मूळ पाठ इंटरनेटवर मिळतो. पुण्यातल्या स्टुडिओला तर विधि महाविद्यालय रस्त्यापर्यंत जायचा अवकाश. तुम्ही मोशन कॅप्चरसाठी कलाकार बोलवता, संगीतकार बोलवता, तसा एक संस्कृत जाणणारा माणूस टीममध्ये घ्या. पहिल्या दिवसापासून घ्या. ट्रेलर तयार झाल्यावर नाव तपासायला बोलावलंत तर त्याचा उपयोग नाही.

एक भीती मी समजू शकते. अर्जुनाला पक्षी मारताना, भावावर तलवार उपसताना, लुटारूंपुढे हरताना दाखवलं तर लोक दुखावतील. पण यातला एकही प्रसंग तुमच्या मनचा नसेल. कीर्तनकार हे सांगत आले आहेत, आजी सांगत आली आहे. गीतेच्या पहिल्याच अध्यायात गांडीव हातातून गळून पडतंय असं अर्जुन स्वतः म्हणतो, आणि त्यावर ज्ञानोबांनी ओव्या लिहिल्या. अर्जुन थकतो, चुकतो, रडतो म्हणूनच तो आपला वाटतो. त्याला फक्त जिंकणारा पुतळा करून ठेवलंत तर दुखावण्यासारखं काही उरणार नाही हे खरं, पण लक्षात ठेवण्यासारखंही उरणार नाही.

म्हणून मागणं एवढंच आहे. गांडीव दुकानात ठेवू नका, ते विकत मिळत नाही. ते वरुणाच्या हातून मिळू द्या आणि टूलटिपमध्ये डॅमेजच्या खाली ती यादी येऊ द्या, ब्रह्मदेवापासून पार्थापर्यंत, वर्षांसकट. खांडव वगळू नका. अश्वसेनाला निसटू द्या. शमीवर चढायला लावा. पंचनदातल्या लढाईत दोरी चढवायचं बटण दाबूनही ती चढायला वेळ लागू द्या आणि भाता रिकामा होऊ द्या. हे करायला मोठं बजेट लागत नाही. पर्वं वाचलेला एक लेखक आणि त्याचं ऐकणारा एक डिझायनर लागतो.

तुमच्यापैकी कुणाचा अर्जुनावरचा गेम तयार होत असेल, तर मी पहिल्या दिवशी पैसे देऊन घेईन, मित्रांना घ्यायला लावीन, मराठीत त्यावर लिहीन. त्याआधी माझा एकच प्रश्न आहे, त्याचं उत्तर जाहीरपणे द्या: तुमच्या गेमच्या शेवटी अग्नी वाट अडवून उभा आहे का?

तुमची,
एक खेळणारी वाचक